जीव घाबरते तेव्हा

6 जानेवारी 2025, सोमवार

थंडी कडाक्याची आहे. तरी साडेपाचला भिवापूरच्या समाजमंदिराचं कुलूप काढायच्या आतच दोघी-तिघी पायरीवर शाल गुंडाळून बसलेल्या. संक्रांतीच्या आधी माझ्या योगवर्गाला नव्या बायका येतात. शेतातलं तूर-कपाशीचं काम थोडं सैल झालेलं असतं आणि मिरचीचा सातरा, म्हणजे आवारात बसून देठ खुडायचं काम, अजून जोरात सुरू व्हायचा असतो.

नवीन आलेलीला मी नाव, वय आणि "काय होते?" एवढंच विचारते. ती जे बोलेल ते वहीत तसंच्या तसं उतरवते. आजची उत्तरं : "जीव घाबरते." "छातीत धडधड होते, बीपी पायलं तर बराबर निंघते." "रातच्यानं दोन वाजता डोया उघडते, मंग लागतच नाही." "कायीच करावं वाटत नाही, भांडे घासा लागते म्हून उठतो."

मनाचं दुखणं घेऊन कुणी आलं नाही. छाती, डोकं, झोप, हातापायाचा कंप घेऊनच सगळ्या आल्या. यात लपवाछपवी नाही. त्रास त्यांना खरोखर तिथेच होतो. पतंजलीच्या योगसूत्रांत, पहिल्या पादात, चित्त विखुरलं की सोबत काय काय येतं त्याची यादी आहे : दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची ओढाताण. चारही एका दमात सांगितली आहेत, मन वेगळं आणि अंग वेगळं अशी वाटणी केलेली नाही. माझ्या वहीतलं पान त्या यादीशेजारी ठेवलं तर फरक फक्त बोलीचा.

म्हणून सुरुवात अंगापासून. पाठ ताठ, पाय जमिनीवर, श्वास कुठे अडकतो ते बघणं.

11 जानेवारी, शनिवार

शाळेत एका सहकाऱ्याने विचारलं, "तुम्ही योगवर्गाचे पैसे का घेत नाही?" मी जिथे शिकले तिथे घेत नाहीत, म्हणून. नागपूरच्या रामनगरातलं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ. स्वामी कोकणातले, जन्म 1892 चा. उतारवयात नागपूरला आले आणि घरोघरी फिरून लोकांना आसनं शिकवू लागले. 1978 मध्ये ते गेले, पण विनामूल्य शिकवायची रीत मंडळाने सोडली नाही. तिथे मला शिकवणाऱ्या ताई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "जेवढं जमेल तेवढंच, पण रोज." मी तेव्हा घरातलं माणूस गेल्यानंतरच्या अंधारात होते. गोळ्या सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. जेवढं जमेल तेवढंच, हे ऐकून मला रडू आलं होतं, कारण बाकी सगळे मला काय काय जमायला हवं तेच सांगत होते.

महाराष्ट्रात आसनं-व्यायाम शिकवायचं हे काम शंभर वर्षांपूर्वीपासूनचं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं आणि आसन-प्राणायामाने शरीरात काय घडतं ते यंत्रं लावून मोजायला घेतलं. चमत्काराची भाषा न करता मोजून बघायची ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

18 जानेवारी, शनिवार

आज जे उमगलं ते सविस्तर लिहून ठेवते.

भिवापूरची मिरची बाहेरच्यांना माहीत आहे ती जाड सालीची, लालभडक, भौगोलिक मानांकन मिळालेली. इथल्या मजूर बाईला माहीत आहे तो सातरा. मोकळ्या आवारात लाल ढीग, भोवती पोत्यांवर बसलेल्या बायकांच्या रांगा. पदर नाकावरून घट्ट गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. डाव्या हातात मिरची, उजव्या हाताच्या चिमटीत देठ, एक हिसका, देठ इकडे, मिरची तिकडे. दिवसभर. किती खुडलं त्याच्या वजनावर मजुरी. कुणी ढीग हलवला की सगळी रांग एकदम ठसकते.

आज अनुलोम-विलोम शिकवत होते. उजवा अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीवर. मागच्या रांगेतल्या एका मावशींचा हात मांडीवरून उचललाच जाईना. वाटलं, नीट ऐकू आलं नसेल. जवळ गेले. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, बोट नाकाले लागलं का आग होते. रातभर तेल लावून झोपतो, तरी जात नाही." आणि बोटं पुढे केली. पेरांची कातडी लालसर, सुजल्यासारखी, नखांच्या कडा सोललेल्या. शेजारच्या दोघींनीही आपापली बोटं दाखवली. सकाळी चेहरा धुतानासुद्धा त्या हाताची मागची बाजू वापरतात.

मिरचीतला झणझणीत भाग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून नुसतं धुऊन भागत नाही. आधी तेल चोळायचं, मग साबण, मग परत तेल, परत साबण. ते सांगितलंच. पण योगाच्या पुस्तकातला सर्वांत सौम्य, सर्वांना चालणारा म्हणून सांगितलेला प्राणायाम माझ्या गावातल्या बायकांना बोटांमुळे करता येत नाही, हे पुस्तकात कुठून असणार?

मग बोटांशिवायचं काय, ते तिथेच बसून ठरवलं. भ्रामरी, पण कान-डोळे झाकायचे नाहीत. हात पोटावर, साडीवरूनच. ओठ मिटलेले, दात किंचित विलग, नाकाने सावकाश श्वास आत आणि मग घशातून भुंग्यासारखा गुंजारव, श्वास संपेपर्यंत. आवाज टाळूत घुमला पाहिजे. पहिल्या खेपेला सगळ्या लाजल्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सभागृह घुमू लागलं. गुंजारवाचा फायदा असा की श्वास लांब सोडा असं वेगळं सांगावंच लागत नाही, आवाज लांबवला की तो आपोआप लांबतो.

त्या मावशी जाताना म्हणाल्या, "हे सातऱ्यावर बसल्या बसल्या बी होते. पदराच्या आत कोनाले दिसते?"

3 फेब्रुवारी, सोमवार

एक तरुण आला होता, बहिणीला सोडायला. मोबाइलवर बघून रोज सकाळी कपालभाती करतो म्हणाला, जोरजोरात, शेकड्याने. "टेन्शन कमी व्हायले पायजे होतं ना मॅडम, तर धडधड वाढून रायली." वाढणारच. धडधडीने आधीच घाबरलेल्या माणसाला भरभर श्वासाची क्रिया दिली तर अंगाला तीच घाबरण्याची खूण मिळते. दम लागतो, हातापायाला मुंग्या येतात, आणि त्याला वाटतं, आता गेलो.

त्याला बसवून समजावलं. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. श्वास आत घेताना हृदय किंचित वेग घेतं, सोडताना मंदावतं. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची मज्जातंतूंची वाट हे काम करते. म्हणून श्वास सोडायला जास्त वेळ द्यायचा. मनात चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहाच श्वास. कोंडून धरायचा नाही. घाबरणाऱ्याला कुंभक नकोच. त्याने माझ्यासमोर थोडा वेळ केलं, खांदे खाली आले. कपालभाती सोड म्हटलं, आणि धडधड राहिलीच तर डॉक्टरांकडून थायरॉइड आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घे, असंही बजावलं. धडधडीचं कारण मनातच असतं असं नाही.

जिला काहीच करावंसं वाटत नाही तिची गोष्ट उलटी. तिला मी शवासनात फार वेळ ठेवत नाही. डोळे मिटून निपचित पडलं की तेच ते विचार दळले जातात. तिला उभं करायचं. ताडासन, हात वर, टाचा उचलून. भिंतीला टेकून छाती उघडायची. दोनच सूर्यनमस्कार, डोळे उघडे ठेवून. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या परंपरेतही खिन्न माणसाला पाठीखाली आधार देऊन छाती खुली करणारी आसनं देतात. एकाच वर्गात दोन तऱ्हेचे लोक असतात, आणि सगळ्यांना एकच पाठ घोकवणारा शिक्षक दोघांपैकी एकाचं नुकसान करतो.

20 फेब्रुवारी, गुरुवार

उद्यापासून दहावीची परीक्षा. शाळेत धावपळ. पण दिवसभर डोक्यात दुसरंच.

यंदा लाल मिरचीचा भाव पडला आहे. गुंटूरचा बाजार घसरला की इथला व्यापारीही हात आखडतो. आज वर्ग संपल्यावर एक जण मागे थांबली. नवरा आठ-दहा दिवसांपासून जेवत नाही, गोठ्यात बसून राहतो, कुणी बोललं की "हो" म्हणतो आणि उठत नाही. "त्याईले योगाले आनू का?"

मी म्हटलं, योगाचं मागाहून बघू. आधी तिला विचारलं, ते मरणाबिरणाचं काही बोलतात का. ती गप्प. मग मान हलवली. "म्हनते, मी नसलो तर तुमचं बरं होईन."

लोकांना वाटतं असं उघड विचारलं तर विचार नसलेल्याच्या मनातही तो पेरला जाईल. तसं होत नाही. विचारल्याने माणसाला बोलायला वाट मिळते. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिच्या घरी गेले. फवारणीची औषधं पडवीतल्या कोनाड्यात होती. ती तिच्या दिराने उचलली आणि स्वतःच्या घरी कुलपात ठेवली. हे सगळ्यात पहिलं काम. मग मी त्यांच्याजवळ गोठ्यात बसले. "भाऊ, डॉक्टरकडे जायचं आहे, मी येते सोबत," एवढंच बोलले. कितीतरी वेळाने ते म्हणाले, "पैसे नाहीत." सरकारी दवाखान्यात पैशाचं काही नाही म्हटलं. उद्या दीर घेऊन जाणार आहे. आज रात्री त्यांना एकटं सोडायचं नाही, असं ठरलं.

अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला होता. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये लॅन्सेट सायकिॲट्री या नियतकालिकात आले. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन दारोदार पाठवलं. पहिला मानसिक आधार त्यांनी द्यायचा, गरज असेल त्याला समुपदेशक आणि डॉक्टरपर्यंत पोचवायचं. नैराश्य असलेल्यांपैकी आधी 4.3 टक्के लोक मदतीपर्यंत पोचत होते, ते दीड वर्षात 27.2 टक्के झाले. हे वऱ्हाडात घडलं, आपल्यासारख्याच कापूस-सोयाबीनच्या, कर्जाच्या मुलखात. दार ठोठावणारं माणूस ओळखीचं होतं, म्हणून घडलं असं मला वाटतं. योगवर्गाचा खरा उपयोगही मला इथेच दिसतो. ती बाई मनोविकारतज्ज्ञाकडे आपण होऊन कधीच गेली नसती. गुडघ्यासाठी वर्गाला येत होती, म्हणून आज थांबून बोलली.

27 फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्र झाली. गोठ्यातल्या भाऊंच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलंय, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात, मधेच सोडायच्या नाहीत. बायको म्हणाली, अर्धी भाकर खाल्ली.

9 मार्च, रविवार

नात्यातल्या एका कार्यक्रमाला उमरेडला गेले होते. पंगतीत एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारलं, "तू तर योग शिकवते, मग गोळ्या काऊन खातेस?" चार जणींसमोर.

मी सांगितलं, दोन्ही करते म्हणूनच इथे पंगतीत बसू शकते. माझी मात्रा डॉक्टरांनी सावकाश कमी केली आहे, मी स्वतःच्या मनाने नाही. गोळ्यांनी मला अंथरुणातून उठण्याइतकं बळ दिलं आणि उठल्यावर काय करायचं ते योगाने दिलं. ज्याला उठताच येत नाही त्याला सूर्यनमस्कार घाल म्हणणं क्रूरपणा आहे, आणि "योग करतोस ना, मग गोळ्या सोड" म्हणणं त्याहून वाईट. या वाक्यापायी लोकांनी औषधं एकाएकी बंद केली आहेत आणि पुन्हा खोल गेले आहेत. मी हे वर्गात दर महिन्याला सांगते.

घरी आल्यावर पुतण्याने पाठवलेली दोन टिपणं पुन्हा वाचली. अमेरिकेत सततच्या चिंतेचा विकार असलेल्या 226 जणांवर झालेला अभ्यास, 2020 साली छापलेला. 12 आठवड्यांनी योग करणाऱ्यांपैकी 54 टक्के लोकांना उतार पडला, विचारांना वळण देणाऱ्या मानसोपचाराने 71 टक्क्यांना, आणि ताणाविषयी नुसती माहिती दिलेल्या गटात 33 टक्क्यांना. आणखी सहा महिन्यांनी पाहिलं तर मानसोपचाराचा फायदा टिकून होता, योगाचा मात्र नुसत्या माहितीपेक्षा ठामपणे सरस ठरला नाही. दुसरं टिपण 2024 चं, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधलं. नैराश्यावर व्यायामाचे 218 अभ्यास एकत्र तपासले. चालणं-धावणं, योग आणि ताकदीचे व्यायाम यांचा चांगला परिणाम दिसला.

पहिल्या अभ्यासाने मी खट्टू झाले नाही. उलट योगाची जागा नेमकी कळली. बोलून उपचार करणारा तज्ज्ञ हाताशी असेल तर आधी तिकडे जावं. भिवापूरहून त्यासाठी नागपूर गाठायचं म्हणजे 70 किलोमीटरच्या वर प्रवास, दिवसाची मजुरी बुडणार, आणि मनोरुग्णालय म्हटलं की लोक अजून नागपुरातल्या 1864 सालच्या जुन्या संस्थेच्या भिंतीच डोळ्यांसमोर आणतात. सहा महिन्यांनी योग नुसत्या माहितीपेक्षा ठामपणे सरस राहत नाही, याचा अर्थ माझ्यापुरता सरळ आहे : वर्ग बंद करायचा नाही.

11 एप्रिल, शुक्रवार

शाळा सकाळची झाली, म्हणून वर्ग संध्याकाळी घ्यावा लागतोय. सातला सुद्धा फरशी पायाला गरम लागते. फक्त संथ श्वास, थोडी बैठी आसनं आणि पाणी.

जवळच गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते. वर्गातल्या म्हाताऱ्या तिथूनच येतात. तुकडोजी महाराजांनी विदर्भातल्या गावागावांत लावलेली ही शिस्त : दिवेलागणीला सगळ्यांनी रांगेत, ताठ बसायचं, एका सुरात म्हणायचं, मधे शांत राहायचं. या आज्यांना भ्रामरी कधी शिकवावी लागली नाही. त्यांचा श्वास वर्षानुवर्षांच्या भजनाने लांब झालेला आहे. एकटेपण हे नैराश्याचं मोठं खाद्य, आणि गावाने त्यावर आधीच उपाय करून ठेवलेला होता. घरी मोबाइल लावून एकट्याने आसनं करणाऱ्याला मी नेहमी सांगते, आठवड्यातून एकदा तरी चार माणसांत येऊन बस.

गोठ्यातले भाऊ आज पहिल्यांदा आले. दारातच उभे होते. मागच्या भिंतीला पाठ टेकून बसवलं. पुरुष म्हणून त्यांना संकोच वाटला असता, पण त्या मिरचीवाल्या मावशी त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "बसा ना भाऊ, इथं कोनी काई विचारत नाही."

13 मे, मंगळवार

दुपारी एकला दहावीचा निकाल. सकाळपासून मुलांचे आई-बाप फोन करत होते. शाळेतल्या माझ्या वर्गातल्या एका मुलीचे हात इतके थरथरत होते की तिला बैठक क्रमांक टाकता येईना. तिला खुर्चीत बसवलं. तळपाय जमिनीवर दाबून धरायला सांगितले, समोरच्या भिंतीवरच्या पाच वस्तू मोठ्याने नावं घेऊन मोजायला लावल्या, मग चार आत, सहा बाहेर. तिची आई बाजूला बसून तिच्यासोबत करत होती. निकाल नंतर बघितला. 61 टक्के. मुलीला रडू आलं, आईने तिला जवळ घेतलं. रडणं चांगलं.

फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलं होतं : टेलिमानस, 14416. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली मोफत दूरध्वनी सेवा, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. संध्याकाळच्या वर्गात हाच क्रमांक सगळ्यांकडून पाठ करून घेतला. श्लोक पाठ करून घेतो तसा.

21 जून, शनिवार

योग दिन. तालुक्याच्या कार्यक्रमाला पांढरे कपडे, ध्वनिक्षेपक, रांगा. संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला 2014 च्या डिसेंबरात, पहिला योग दिन झाला 2015 मध्ये. इतक्या वर्षांत एक गोष्ट नक्की घडली : बायकांना चारचौघांत, मैदानात हातपाय ताणायला लाज वाटत नाही. सासूला सांगून घराबाहेर पडायला एक मानाचं कारण मिळालं. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. मला एवढंच वाटतं की आजच्या दिवशी मंचावरून कुणीतरी झोप न लागणाऱ्या, जीव घाबरणाऱ्या, मरणाचे विचार येणाऱ्या माणसाशी बोलावं. यंदा मला पाच मिनिटं दिली होती. मी आसन दाखवलं नाही. तेवढ्यात फक्त सांगितलं की दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मन उदास, झोप-भूक बिघडलेली, कशातच गोडी नाही असं असेल तर डॉक्टरांना भेटा, गोळ्या दिल्या तर घ्या, आणि सोबत वर्गाला या. सभेत मागच्या बाजूला एक पोलीस शिपाई उभा होता. खाली उतरल्यावर त्याने वर्गाची वेळ विचारली.

24 जून, मंगळवार

काल विदर्भातल्या शाळा उघडल्या. वर्ग आता पुन्हा पहाटे, साडेपाचला. पावसाच्या दोन सरी आल्या, शिवारात लगबग.

भाऊ सांगायला आले, मिरचीचं रोप टाकायचं आहे, वाफे करायचे आहेत, आठ-पंधरा दिवस येणं होणार नाही. चेहरा भरला आहे. झोप अजून तुटक. पहाटे तीनला जाग येते, पण पूर्वीसारखा जीव कासावीस होत नाही म्हणाले. मी विचारलं, "आणि ते विचार?" त्यांनी थेट माझ्याकडे बघून उत्तर दिलं, "येते कधी कधी. आले का बायकोले सांगतो."

धुऱ्यावर बसून दहा मिनिटं श्वास करायचं त्यांनी कबूल केलं. पुढच्या तपासणीची तारीख 3 जुलै, ती मी त्यांच्या बायकोच्या मोबाइलवर गजर लावून ठेवली. फवारणीची औषधं या हंगामातही दिराच्याच घरी राहतील, आणि फवारणीही दीरच करेल.